नुसत्या पाण्याची ओळ

बाईंनी तीन वर्षं खपून, लोखंडाचा अणू पोटात धरलेलं एक नारिंगी संयुग बनवलं होतं. ते कर्करोगाच्या पेशी मारतं आणि वर शरीराच्या प्रतिकारक पेशींना जागंही करतं, असं दिसल्याबरोबर विभागप्रमुख सरांनी स्लाइड करून टाकली : 'एका दगडात दोन पक्षी'. शुक्रवारच्या सादरीकरणावर बाईंच्या पुढच्या दोन वर्षांच्या कामाची मंजुरी अवलंबून होती.

अडचण एवढीच, की संयुग ज्या निर्जंतुक पाण्यात विरघळवलं होतं, त्याच नुसत्या पाण्याची एक ओळ तुलनेसाठी पेशींच्या खाचाखाचांच्या प्लेटमध्ये होती, आणि त्या ओळीतल्या प्रतिकारक पेशीही टक्क जाग्या होत्या.

"ती ओळ गाळा," सर म्हणाले.

"सर, ती गाळली तर उरतं काय?"

"मंजुरी."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि शोध सुरू केला. पिपेट बदललं, पेशी बदलल्या, हातमोजे बदलले. सरांना बदलणं हातात नव्हतं. सोमवारी त्या लवकर आल्या, तर प्रयोगशाळेतले जुने सेवक मामा निर्जंतुक पाण्याच्या बाटल्यांची सीलं एकापाठोपाठ एक फोडत होते.

"मामा, हे काय?"

"तुझ्यासाठीच गं पोरी. झाकणं मेली किती घट्ट. आठवड्याच्या सगळ्या बाटल्या आजच सोडवून ठेवतो. झाकण नुसतं टेकवायचं."

तीन वर्षांत आपलं मनगट एकदाही का दुखलं नाही, हे बाईंना आत्ता कळलं. टेकवलेल्या झाकणाखाली चार दिवसांत जंतूंचा संसार थाटला जाणार. त्यांचा वास लागल्यावर प्रतिकारक पेशी काय घोरत पडतील? पण पोरी म्हणणाऱ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? त्यांनी दात आवळून फक्त एक सीलबंद बाटली मागितली आणि प्रयोग पुन्हा लावला.

गुरुवारी निकाल आला. कर्करोगाच्या पेशी पूर्वीसारख्याच मेल्या होत्या. प्रतिकारक पेशी मात्र दोन्ही ओळींत गाढ झोपल्या होत्या, सरांच्या व्याख्यानाला बसल्यासारख्या.

बाईंनी स्लाइडवरचा एक पक्षी पुसला.

"एका पक्ष्यावर मंजुरी मिळेल?" सर कुरकुरले.

"नाही मिळाली तर नाही. पण दोन दाखवून मिळाली, तर दोन वर्षं मी मामांच्या पाण्यावरच संशोधन करत बसेन."

सरांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते जुनं पाणी… टाकून नाही ना दिलंत?"