गाण्याला लागते ती जवारी

बोईसर स्टेशनापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांसमोर दामूने सायकल आडवी केली, छातीवरचा स्वयंसेवकाचा बिल्ला सरळ केला आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला विचारलं,

"बाय, जवारी हाय काय?"

"हाय की. कुनाला पायजे?"

"गाण्याला."

सोजराबाईने फुंकणी खाली ठेवली. तारापूरच्या वीजघराच्या कामावर नवऱ्याबरोबर केजकडून आल्यापासून तिने बरंच काही पाहिलं होतं. मोकळ्या माळाला आधी फाटक बसवून मग त्याला कुलूप घालणारे साहेबही पाहिले होते. जवारी खाणारं गाणं मात्र अजून बघायचं राहिलं होतं.

"कितीक लागंल त्याला?"

"ते इचारायची परवानगी नाय."

खरंच नव्हती. पालघरच्या संगीत मंडळाचे चिटणीस कमलाकांत मास्तर यांनी स्वयंसेवकांना दोनच नियम घालून दिले होते. पाहुण्यांनी काही मागितलं की 'कशाला' म्हणून विचारायचं नाही, धावायचं. आणि गाणं सुरू झालं की दारातून कोणालाही आत सोडायचं नाही. अध्यक्ष असले तरी, खुद्द मी असलो तरी. एडवणच्या दामूने हे दोन्ही नियम बिल्ल्याबरोबरच छातीला टोचून घेतले होते.

कारण त्याला त्या दाराशी, आतल्या बाजूला, उभं राहायचं होतं. मागच्या वर्षी बाजारात मासे टाकून परतताना हॉटेलातल्या रेडिओवर रंभाबाईंचं गाणं लागलं होतं. दामू डोक्यावर रिकामी पाटी घेऊन तिथेच थांबला. आवाज भरतीसारखा चढत आला, आता फुटणार, आता फुटणार, आणि मालकाने बातम्या लावल्या. गाण्याचा उरलेला अर्धा भाग कुठेतरी अडकून पडलाय, या विचाराने दामूला भर समुद्रात चैन पडेना. आणि आता रंभाबाई स्वतः पालघरला आल्या होत्या. भाताच्या गिरणीच्या रिकाम्या गोदामात, रविवारी सकाळी. दामूने आयुष्यात पहिल्यांदा शर्टाला इस्त्री करून घेतली होती.

गाणं सुरू व्हायला थोडा अवकाश असताना बाईंची शिष्या नलू तंबोरा कानाशी धरून कळवळली, "अगंबाई, जवारी गेली की हो! आता काय करायचं?"

दामू धावला.

भाताच्या मुलखात जवारी शोधायची म्हणजे सोपं काम नव्हे. पालघरच्या वाण्याने विचारलं, "पोपटाला पायजे काय?"

"नाय. बाई गातात."

वाण्याने थोडा विचार करून त्याला बोईसरला पाठवलं. तिथे वीजघराच्या कामावर घाटावरची माणसं आलीत, ती भाकरी खातात म्हणे.

"दाणं देऊ का पीठ?" सोजराबाईने विचारलं.

दामू अडकला. गाण्यात यातलं काय घालतात ते रेडिओवर सांगितलं नव्हतं.

"दोन्ही द्या. पालघरला बाई गायला आल्यात."

"आन् थापनार कोन? तुमी सगळी भातखाऊ. बिचारी पाव्हनी उपाशी जायची." तिने शेजारणीला चूल बघायला सांगितलं, दाण्यापिठाची पिशवी दामूच्या हाती दिली, भाकरी थापायची काटवट पोटाशी धरली आणि सायकलच्या कॅरिअरवर बसली. "पाडू नका म्हंजे झालं."

"रोज मासे आनतो मी यावर. एक पडला नाय कधी."

"मेलेलं मासं कुठं पडायला बघतंय, दादा. नीट चालवा."

पालघरला पोचेपर्यंत इस्त्री गेली होती. गोदामाचं दार बंद होतं आणि दाराबाहेर सुका, दामूचा मेहुणा, बिल्ला लावून उभा होता.

"उघड," दामू म्हणाला.

"गाणं चालू हाय."

"अरे, मी दामू!"

"दिसतंय ते. पन खुद्द मास्तर आले तरी सोडायचं नाय, असं तूच घोकून घेतलंस ना माझ्याकडून?"

दामूला मेहुण्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या कानाखाली एक द्यावीशीही वाटली. त्याने दाराला कान लावला. उंदरांनी भात खाऊ नये म्हणून केलेलं जाड दार ते. त्यातून सूर कसला येतोय! बऱ्याच वेळाने आतून टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या.

दार उघडलं. कमलाकांत मास्तर उपरण्याने डोळे पुसत बाहेर आले.

"दामू, होतास कुठे? अरे, जन्मात असं गाणं..." आणि त्यांना पिशवी दिसली.

"जवारी," दामू म्हणाला.

मास्तरांनी पिशवीत पाहिलं. मग दामूकडे पाहिलं.

"अरे, तंबोऱ्याची जवारी म्हणजे त्याच्या तारेचा गुंजारव. तारेखाली धागा नीट बसला की सूर भरून येतो. प्रवासात तो धागा निसटला होता. नलूने पदरातला एक काढून घातला."

"म्हंजे गाणं झालं?"

"झालं."

मास्तरांना हसू येत होतं, पण दामूचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "जा, बाईंच्या जेवणाचं बघ," ते हळूच म्हणाले.

गिरणीमागच्या स्वयंपाकघरात सोजराबाई केव्हाच चूल पेटवून बसली होती. दामू पाणी भरून ठेवत होता, तेवढ्यात रंभाबाई स्वतःच आत आल्या. काटवटीतली थापटणी ऐकून थबकल्या.

"जवारीची?"

"व्हय."

"कुठली गं तू?"

"केजकडची."

"माझं आजोळ तिकडंच!" म्हणत बाई जरीच्या लुगड्यानिशी चुलीपाशी जमिनीवर बसल्या.

"बसा. पन गानं म्हनू नका हां. माजी भाकर करपंल."

रंभाबाई खळखळून हसल्या. मग थापटणीच्या ठेक्यावर त्यांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं. आधी नुसतं गुणगुणणं. मग आजोळी जात्यावर ऐकलेली कसलीशी ओळ. मग ओळ सुटली आणि नुसता आवाज राहिला, भरतीसारखा चढत आलेला. सोजराबाईचा हात थांबला नाही. दामू पावलं न वाजवता उंबऱ्यापर्यंत मागे सरला, दार ओढून घेतलं आणि आतल्या बाजूला उभा राहिला. आवाज चढला, चढला आणि फुटला. कोणी बातम्या लावल्या नाहीत.

दारावर थाप पडली. दामूने बोटभर फट केली. बाहेर हार घेऊन कमलाकांत मास्तर, त्यांच्या मागे अध्यक्ष, आणि अंगणात गवसणी घातलेला तंबोरा सांभाळत नलू.

"दामू, बाजूला हो," मास्तर म्हणाले.

दामूने तळहात आडवा धरला.

"गाणं चालू हाय."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या बिल्ल्याकडे पाहिलं, आणि वहाणा काढून पायरीवर बसले. आपसूक अध्यक्षही बसले. थोड्या वेळाने मास्तरांनी मान वळवून कुजबुजत विचारलं,

"तंबोऱ्याशिवाय?"

"जवारी हाय," दामू म्हणाला, आणि दार लावून घेतलं.