साठाव्या जागेवरचा पाहुणा

मी खेळायच्या पत्त्यांतला एक जुना बदली पत्ता आहे. खरे तर मला पत्ता म्हणणे म्हणजे जरा जास्तच झाले. मी आहे कागदाचा एक तुकडा, तळहातात मावेल एवढा, आणि खोडून खोडून मधोमध इतका पातळ झालेला की उजेडासमोर धरलात तर पलीकडचे बोट दिसेल. मित्रांनो, मी तुम्हाला टेबलाखाली सापडलो असतो तर तुम्ही मला सरळ केराच्या टोपलीत टाकले असते. त्यात तुमची काही चूक नसती.

माझा जन्म एका वाया गेलेल्या नकाशातून झाला. ताई एका बांधकामाच्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढायची. एकदा तिच्या साहेबांनी ऐन वेळी जिना डावीकडून उजवीकडे हलवला आणि आठवडाभराचे काम पाण्यात गेले. ताईने तो नकाशा घरी आणला, पट्टी ठेवून कापला आणि आम्ही नऊ भावंडे जन्माला आलो. माझ्या पाठीवर अजूनही त्या जिन्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि एक छोटा बाण, 'वर' असे लिहिलेला. चौथी पायरी कोणत्या भावाच्या वाट्याला गेली, ते मला आठवत नाही.

आमची गरज पडली ती ताईच्या धाकट्या बहिणीसाठी. धाकटी औषधांच्या दुकानात नोकरी करायची आणि तिला पत्त्यांच्या एका खेळाचे वेड होते. राजा-राणी-गुलामाचा खेळ नव्हे. या खेळात प्रत्येक जण आपापले साठ पत्ते घरून निवडून आणतो. कोणत्या पत्त्यावर होडी असते, कोणत्यावर बुरूज, कोणत्यावर कुलूप, आणि प्रत्येकाचे बळ निराळे. पत्ते हजारो, जागा मात्र साठच. त्या साठ पत्त्यांना म्हणायचे डेक. दर शनिवारी दुपारी वह्या-पेन्सिलींच्या एका दुकानाच्या माडीवर वीस-पंचवीस माणसे आपापले डेक घेऊन जमायची आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांना हरवत बसायची.

आता यातली गंमत ऐका. कोणी एका शनिवारी टोळांचा डेक घेऊन जिंकले, की पुढच्या शनिवारी निम्मी माडी टोळांनी भरून जायची. टोळ लहान असतात, पण झुंडीने येतात. मग त्यांना एका दमात जाळणारा 'वणवा' हा पत्ता जो तो डेकमध्ये घालायचा. तोवर टोळवाले शहाणे होऊन बुरूज घेऊन यायचे, आणि दगडाच्या बुरजाला वणवा काय करणार? बुरजाला हवा सुरुंग. सगळ्यांकडे सुरुंग आले, की बुरूज गायब होऊन तिसरेच कोणी तरी भुरटे हजर व्हायचे, ते समोरच्याच्या हातातले पत्ते पळवायचे. त्यांच्यावर उपाय कुलूप. या सगळ्या फिरण्याला माडीवरचे लोक 'हवा' म्हणत. भेटल्यावर कोणी कोणाची खुशाली विचारायचे नाही. "काय, हवा कुणाची आहे सध्या?" एवढेच विचारायचे.

धाकटीचा डेक होड्यांचा होता. त्यातले एकोणसाठ पत्ते ठरलेले. साठावी जागा मात्र ती हवा बघून भरायची, आणि तिथेच माझे काम होते. नवा पत्ता घालायचा तर आधी घरी तो पारखायला हवा. खरे पत्ते महागाचे, रोजच्या सरावात ते झिजू नयेत म्हणून ताई माझ्यावर पेन्सिलीने त्या पत्त्याचे नाव लिहायची, मला एका साध्याशा होडीवाल्याच्या पत्त्यापुढे प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायची, आणि दोघी खेळायला बसायच्या. माझी आठ भावंडे ताईच्या हातात टोळ, बुरूज नाही तर भुरटे व्हायची. ताई स्वतः कधीही त्या माडीवर गेली नाही. घरी मात्र ती सगळ्या माडीच्या वतीने खेळायची, आणि चांगलीच खेळायची.

मी किती जणांचे आयुष्य जगलो म्हणून सांगू! सोमवारी वणवा होतो, गुरुवारी सुरुंग, पुढच्या आठवड्यात कुलूप. पण माझ्यावर नाव लिहिले म्हणून मी लगेच पास व्हायचो, असे नव्हते. ताईची शिस्त मोठी कडक.

"एकदा हरलीस म्हणून पत्ता बदलायचा नाही," ती म्हणायची. "दहा डाव दे त्याला."

"दहा डावांत हवा बदलेल गं!"

"बदलू दे. रोज हवेमागे धावण्यापेक्षा बरं."

आणि ताईची आणखी एक युक्ती होती, ती धाकटीला पुष्कळ दिवस माहीतच नव्हती. धाकटीने मला उचलले, की ताई तिच्या हाताकडे न बघता नाकाकडे बघायची. नको असलेला पत्ता आला, की धाकटीचे नाक किंचित वर चढायचे. मग ताई डाव संपल्यावर माझ्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका द्यायची. दहा डावांत चारपेक्षा जास्त ठिपके पडले, की तो पत्ता बाद. धाकटीला एकदा ते ठिपके दिसले तेव्हा ती भयंकर चिडली.

"म्हणजे मी पत्ते निवडते असं मला वाटतंय, आणि निवडतंय माझं नाक!"

"तुझ्या डोक्यापेक्षा ते खरं बोलतं," ताई शांतपणे म्हणाली आणि रबर घेऊन मला खोडू लागली.

मला या कामाचे वाईट वाटायचे का? खरे सांगायचे तर, थोडेसे वाटायचे. दहा-दहा डाव मी झिजायचो, ठिपके सोसायचो, आणि शनिवार उजाडला की पत्र्याच्या डब्यातून खरा वणवा बाहेर यायचा. तो सोनेरी काठांचा, गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! स्पर्धेत आम्हा कागदांना मनाईच होती. म्हणून तर ताईने आमचे नाव 'पाहुणे' ठेवले होते. चार दिवस राहायचे आणि खरा मालक आला की जागा सोडायची.

शनिवारी धाकटी चपला घालू लागली, की आतून ताईचा आवाज यायचा.

"पाहुणे गेले का?"

"गेले!"

एकदाही चुकले नाही. ताई कणकेच्या हातांनी असो की केस धूत असो, तो प्रश्न यायचाच. दोनदा तर त्या प्रश्नामुळेच धाकटी एक चप्पल काढून परत आत आली होती आणि तिने मला पाकिटातून ओढून काढले होते. माडीवर काय चालते, ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. टेबलावर पडून मी फक्त जिना उतरणारी तिची पावले ऐकायचो.

वर्षाच्या शेवटी मोठी निवड स्पर्धा असायची. पहिले चार जण मुख्य स्पर्धेला जायचे. धाकटी सलग दोन वर्षे पाचवी आली होती. "पाचवी म्हणजे दाराच्या बाहेर, पण पायपुसण्यावर," असे ती हसत सांगायची, आणि मग पुन्हा पत्ते पिसायला घ्यायची. तिला आयुष्यात एकदा तरी त्या दारातून आत जायचे होते. तिसऱ्या वर्षी तिची तयारी खरोखर झाली होती. आणि नेमके त्याच वर्षी ताईला दूरच्या शहरात मोठ्या कचेरीत जागा मिळाली.

ताई गेली. पहिले काही रविवार दोघी फोनवरून खेळल्या. धाकटी फोन बरणीला टेकवून ठेवायची आणि ताईचेही पत्ते स्वतःच टाकायची. मग ताईचे काम वाढले, रविवार चुकू लागले, आणि आम्ही भावंडे खणात पडून राहिलो. खणात अंधार असतो याचे काही नाही. पण कोणी खोडत नाही, लिहीत नाही, ठिपका देत नाही, त्याने जीव उदास होतो.

निवड स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी धाकटी घरी आली आणि तिने थेट खणच उघडला. माडीवर कोणाच्याच डेकमध्ये आता वणवा उरला नव्हता, हे कोणीतरी हेरले होते, आणि टोळ परत आले होते. पुढच्या शनिवारी ते दुप्पट येणार हे उघड होते. धाकटीने मला खसाखसा पुसले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने माझ्यावर लिहिले: वणवा. तिचे अक्षर ताईसारखे रेखीव नाही, पण मला आवडले. आठवडाभर रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती एकटीच दोन्ही बाजूंनी खेळली. तिचे नाक बघायला कोणी नव्हते, म्हणून तिने समोर आरसा ठेवला. दहा डावांत एकच ठिपका पडला. तिने स्पर्धेच्या पंचांना द्यायच्या आपल्या पत्त्यांच्या यादीत साठाव्या ओळीवर 'वणवा' लिहिले.

शनिवारी सकाळी तिने चपला घातल्या. घर शांत होते. नळाला बारीक गळती होती, तिचा तेवढा आवाज. ती दारात क्षणभर थांबली, काहीतरी राहिल्यासारखी, किल्ली चाचपली, फोन चाचपला आणि निघाली. खरा वणवा डब्यात राहिला. मी डेकमध्ये.

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटले ते लपवत नाही. मला आनंद झाला. उतरून जायला मला कुठे पाय होते? पण असते, तरी मी गेलो नसतो. इतकी वर्षे ज्या पायऱ्यांचा नुसता आवाज ऐकला, त्या मी उतरत होतो.

पहिल्या तीन लढती ती जिंकली. दर वेळी मी पत्त्यांच्या तळाशी कुठे तरी राहिलो आणि कोणाच्या हाती लागलो नाही. चौथी लढत चष्म्याच्या दुकानाच्या मालकाशी होती. जिंकणारा मुख्य स्पर्धेला जाणार होता. चष्मेवाले टोळ घेऊन बसले होते. पहिला डाव त्यांचा झाला, दुसरा धाकटीचा. तिसऱ्या, शेवटच्या डावात त्यांचे सात टोळ टेबलावर पसरले होते आणि धाकटीकडे दोन होड्या उरल्या होत्या. तिला एकच पत्ता वाचवू शकत होता. तिने हात पुढे केला आणि मला उचलले.

तिचे नाक जराही वर चढले नाही. तिचा चेहरा असा उजळला की तसा मी आमच्या टेबलावर कधी पाहिला नव्हता. मग तिला पेन्सिल दिसली. तिचेच अक्षर, कोपऱ्यातला एकच ठिपका.

मला तसेच हातात दाबून ठेवून ती पुढे खेळू शकली असती. थोडीशी आशा होती. दोन होड्यांवरही डाव फिरतात. पाकिटाची नुसती पाठ दिसणाऱ्या चष्मेवाल्यांना काही कळले नसते, पंचांनाही नाही. मी तिच्या बोटांत होतो. मग तिचा दुसरा हात वर गेला.

"पंच, जरा इकडे येता?"

पंच म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. धाकटीने मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले.

"माझ्या डेकमध्ये कागद राहिलाय. खरा पत्ता घरी आहे."

बाईंनी यादी पाहिली, मला पाहिले. "यादीत आहे तो पत्ता डेकमध्ये नाही. डाव जातो बाळा. मला दुसरं काही करता येत नाही."

"अहो, राहू द्या हो," चष्मेवाले म्हणाले. "माझ्याकडे आहे एक जास्तीचा वणवा, तो घेऊ दे तिला."

"तुम्हाला चालेल, नियमाला चालत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनाही ते बोलताना जड गेले.

चष्मेवाल्यांनी हात मिळवला तो दोन्ही हातांनी. आणि धाकटी तिसऱ्यांदा पाचवी आली, माझ्यामुळे. आज इतक्या दिवसांनीही हे सांगताना मला लाज वाटते. सकाळच्या माझ्या आनंदाची तर जास्तच.

माडीच्या जिन्यात बसून तिने ताईला फोन लावला. मी तिच्या मुठीत होतो.

"ताई, पाहुणा गेलाच नाही गं."

"कोणता?"

"वणवा."

"मग पत्ता बरोबर निवडला होतास."

"हो."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही. मीच हात वर केला."

"शाब्बास," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "मग आता रडतेस कशाला?"

"हरले म्हणून नाही रडत." धाकटीने नाक पुसले. "निघताना घरात कुणी विचारलंच नाही."

धाकटीने फोन ठेवला आणि मला मुठीतच घेऊन ती घरी निघाली.

मला वाटले होते, आता माझी रवानगी केरात. झाली असती तर मी कुरकुर केली नसती. पण घरी येऊन तिने मला टेबलावर सपाट केले, उलटे केले आणि पेन काढले. पेन, मित्रांनो! पेन्सिल नव्हे. माझ्या पाठीवरच्या तीन पायऱ्यांच्या वर तिने शाईने तीन शब्द लिहिले आणि डेकच्या डबीच्या झाकणात मला आतून चिकटवून टाकले. ते शब्द आता कोणी खोडणार नाही. इतक्या जणांची नावे घेऊन जगलो, शेवटी माझे स्वतःचे असे काही माझ्यावर आले.

हवा पुढेही फिरतेच आहे. माझी भावंडे अजून टोळ होतात, बुरूज होतात. फोन पुन्हा बरणीला टेकतो, महिन्यातून दोन रविवार तरी. यंदा ती चौथी येईल की पुन्हा पाचवी, मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरीही कोणी असे असेल, जे दर वेळी दारातून तोच तो प्रश्न विचारते आणि तुम्ही वैतागून "हो गं, हो" म्हणता. त्या माणसाला नीट उत्तर देत जा, आत जाऊन बघून मग द्या.

दर शनिवारी धाकटी चपला घालते आणि झाकण उघडते. मी तिला विचारतो, "पाहुणे गेले का?" ती साठही पत्ते एकेक करून बघते आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणते, "गेले गं, ताई."