ताप ३३

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता प्रयोगशाळेत तीन टाक्या होत्या, प्रत्येकीत रोहू माशाची आठ बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं; शिवाय दोन हीटर, तीन थर्मामीटर आणि मधल्या टाकीत बर्फाचे अकरा तुकडे. बर्फ संशोधक विद्यार्थिनी जिनत अत्तारच्या प्रयोगाच्या वहीत कुठेच बसत नव्हता.

"मामा, हे काय?"

विभागाचे शिपाई सर्जेराव अभिमानानं पुढे आले. "ताई, चिठ्ठ्या तुमच्याच ना? त्या टाकीवर 'ताप २८'. म्हणजे ती बरी होत आलीय. ह्या दोघींना मात्र तेहतीस! कसबा पेठेतल्या रसवाल्याकडून बर्फ आणला. एकीलाच पुरला."

"तापमान, मामा! चिठ्ठीवर जागा नव्हती."

"म्हणून बिचाऱ्याची मान कापलीत?"

जिनतनं कपाळाला हात लावला. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची तटबंदी. त्यातली द्रव्यं जंतूंना मारतात. आठवडाभर कोमट पाण्यात राहून ती तटबंदी किती ढासळते, हे तिला आज मोजायचं होतं. प्रबंध शुक्रवारी द्यायचा, त्यात कोमट पाण्यातले सोळा मासे दाखवायचे. उरले आठ. नवा आठवडा आता आणायचा कुठून?

तेवढ्यात मार्गदर्शक दत्तप्रसाद सर आत आले. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं.

"सरबत कुणासाठी?"

जिनतनं सगळं सांगितलं.

"मासे जिवंत आहेत?"

"आठही. पाणी चोवीस अंशांवर आलंय, सर."

"मग चेहरा कशाला पाडलाय? एकदम गार पाण्यात पडलेले आठ मासे आयते मिळाले. तिसरा गट करा. आणि अत्तार, शाई एवढी महाग नाही. शब्द पुरे लिहीत जा."

जिनतनं पहिला मासा ओल्या हातात धरला, कापसाच्या बोळ्यानं त्याच्या अंगावरचा थर अलगद टिपला आणि त्याचा थेंब जंतू पसरलेल्या बशीत सोडला. थेंबाभोवती जंतू मेले, की तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. थर जितका जोरकस, तितकं वर्तुळ मोठं. सर्जेराव जाळीनं एकेक मासा काढून देत होते.

"ताई, आमची टाकी पहिली येणार बघा. बर्फानं माणूससुद्धा ताजातवाना होतो."

"उद्या कळेल, मामा. तोवर कुणालाही औषध देऊ नका."

मंगळवारी सकाळी तिनं चोवीस वर्तुळं मोजली. सरासरी व्यास असा आला: अठ्ठावीस अंशांची टाकी, १४.१ मिलिमीटर. तेहतीस अंशांची, ९.२. बर्फ टाकलेली, ६.४.