रिकाम्या टबातलं विष

कापडदुकानावरच्या हॉलमध्ये इतकी गर्दी, की जिन्यात उभ्या माणसाला शिंक आली तर ती रस्त्यावर येऊन द्यावी लागे. आत टबमहाराज लोकांचे पाय प्लास्टिकच्या टबात बुडवून अंगातलं विष काढत होते. टबात गरम पाणी, मूठभर मंतरलेलं मीठ आणि तळाशी वायर लावलेलं यंत्र. बघता बघता पाणी तपकिरी व्हायचं, वर फेस धरायचा. महाराज निदान करायचे: तपकिरी ते यकृताचं विष, शेवाळी ती जुनी साखर, फेस तो भाऊबंदांचा मत्सर. एका वकिलाच्या टबात एवढा फेस आला, की शेजारच्याने त्यात रुमाल धुऊन घेतला. खोटं वाटेल, पण रुमाल मी पाहिलाय.

माझ्या धाकट्या बहिणीला मधुमेह. शेवटच्या बैठकीला तिचं पाणी नितळ राहिलं. साखर संपली, असं महाराजांनी जाहीर केलं. तिने इन्सुलिन बंद केलं आणि दोन चमचे साखर घालून चहा पिऊ लागली.

तिची लेक परगावी नर्सिंग शिकत होती. विज्ञानात कच्ची. पण तिच्या बाईंना एक खोड होती. ऑनलाइन व्हिडिओ लावायच्या आणि निकाल दिसणार, तेवढ्यात थांबवायच्या. आता काय होईल, बोला. मग प्रत्येकीने तेच टेबलावर करून बघायचं, आणि ज्याच्यामुळे झालं असं वाटतं ते काढून ठेवून पुन्हा एकदा बघायचं. पोरींनी बाईंचं नाव 'स्पीडब्रेकर' ठेवलं होतं. पण त्यांच्याच जिवावर भाची पास होऊ लागली.

सुट्टीत ती घरी आली. आई मोजा काढेना, तेव्हा तिने स्वतःच काढला. अंगठा काळा पडला होता. साखरेने पायांची जाणीवच गेलेली. टबात भाजलं तेही आईला कळलं नव्हतं. भाची म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. आई हटून बसली. महाराजांना विचारल्याशिवाय नाही.

"बरं, विचारूनच जाऊ," भाची म्हणाली आणि रिक्षा बोलावली. मीही चढलो.

हॉलमध्ये तिने एकच मागणं मागितलं: कुणाचेही पाय न घालता यंत्र चालू करा.

महाराज हसले. "ताई, यंत्र माणसातलं विष ओढतं. माणूसच नसेल तर ओढणार काय?"

"मग पाणी स्वच्छच राहील. भ्यायचं कशाला?"

रांगेतल्या भक्तांना हे फार आवडलं. पोरीची एकदाची जिरवा, असा त्यांनी महाराजांना आग्रह धरला. भक्तीपुढे महाराजांचा इलाज चालेना. भाचीने टबात ताजं पाणी भरलं, मीठ टाकलं, बटण दाबलं. थोड्याच वेळात रिकाम्या टबातलं पाणी तपकिरी झालं आणि फेस वकिलापेक्षा जास्त आला.

मग तिने समजावलं. यंत्रात लोखंडी पट्ट्या आहेत. खारट पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि गंजतं. तो गंज म्हणजे तुमचं विष. बुडबुडे वायूचे, मत्सराचे नव्हेत. मीठच टाकलं नाही तर वीज जेमतेम वाहते, पाणी नितळ राहतं. शेवटच्या बैठकीला मीठ पडलंच नाही, आईची साखर अशी संपली होती. बाईंच्या व्हिडिओत आणि कॉलेजच्या टेबलावर दोन खिळे होते, इथे पट्ट्या, एवढाच फरक.

महाराज म्हणाले, हे मागच्या भक्ताचं उरलेलं विष. दोघंतिघं पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली. बहीण मात्र टबाकडे बघत राहिली. मग तिने पायात चप्पल सरकवली.

"चल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. ट्रॉलीची वाट बघताना भाचीने विचारलं, "मी रोज फोन करायचे ना गं आई? इन्सुलिन घेतलं म्हणून का सांगायचीस?"

"तुझी परीक्षा होती." बहीण म्हणाली. "आणि तो माणूस माझे पाय मांडीवर घेऊन पुसायचा गं. असले पाय कोण हातात घेतं?"

चादर सारून भाचीने तो पाय मांडीवर घेतला आणि ट्रॉली येईपर्यंत धरून बसली.

ऑपरेशन नीट झालं. पण पायातलं खरंखुरं विष तोवर रक्तात पोचलं होतं. बहीण गेली.

इथे मला थाप मारता येत नाही, म्हणून सरळ सांगतो. चमत्कार दिसला, की आधी टब रिकामा ठेवून बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि घरातल्या आजारी माणसाचे पाय रोज स्वतः हातात घेऊन बघा. आपण नाही घेतले, तर टब घेऊन कोणीतरी येतोच.