मार्सेयच्या टेकडीवरची काळी घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. आष्टीजवळच्या माळावर चरणाऱ्या आसारामच्या काळ्या मेंढ्यांची लोकर कातरली, तिचीच मी झाले. सनगराने मला मागावर विणले आणि चिंचोक्यांची खळ देऊन कडक केले. पुढची वीस वर्षे मी आसारामच्या खांद्यावर काढली. माळावर जन्मलेली कितीतरी कोकरे त्याने माझ्यात गुंडाळून घरी आणली. लोक मला चाचपून म्हणत, "आसाराम, घोंगडी लई भारी हाय बरं का."

मग आसाराम वारला. मेंढ्या विकल्या गेल्या आणि मी लोखंडी पेटीत गेले. सहा वर्षे मी उजेड पाहिला नाही.

आसारामची मुलगी रोहिणी फ्रान्समध्ये, मार्सेय नावाच्या समुद्रकाठच्या शहरात, एका प्रयोगशाळेत काम करते. तिने आईला, साखराबाईला, महिनाभरासाठी बोलावले. निघताना साखराबाईने पेटी उघडली आणि मला सोबत घेतले.

मार्सेयचे ऊन लख्ख होते, पण वारा बोचरा. पहिल्याच सकाळी रोहिणीने काय काय पाहायचे ते सांगितले: बंदरावरचा मासळीबाजार, जुन्या गल्ल्या, बेटे, टेकडीवरचे चर्च. साखराबाईने मला खांद्यावर टाकले.

"आई, लोक बघतेत गं. ही घरीच ठेव."

"बघू दे की. त्यांचं काय जातंय?"

बंदरावर बायका ओरडून मासे विकत होत्या. एका पाटीत आठ पायांचा कुठलासा जीव वळवळत होता. साखराबाई तो वाकून पाहू लागली. रोहिणीचा फोन वाजला म्हणून ती जरा बाजूला झाली. तेवढ्यात नावेतून उतरलेल्या प्रवाशांचा लोंढा मधून गेला. तो ओसरला तेव्हा रोहिणी कुठेच दिसेना.

तिला शोधत साखराबाई गल्ल्यांत शिरली. सगळ्या गल्ल्या सारख्याच. भाषा येत नव्हती, जवळ फोन नव्हता, घराचा पत्ता ठाऊक नव्हता. तिने माझा काठ मुठीत आवळून धरला होता. ती घाबरली आहे, हे मला त्या मुठीवरूनच कळले.

एका चौकात ती थांबली. छपरांच्या पलीकडे उंच टेकडी दिसत होती. तिच्यावर चर्च, आणि चर्चच्या माथ्यावर लेकराला घेतलेल्या आईचा सोनेरी पुतळा. साखराबाई त्या दिशेने चालू लागली. चढ संपेना, पायऱ्या संपेनात. वर पोचल्यावर ती मला पांघरून कट्ट्यावर बसली. खाली लाल कौले होती, बंदर होते, निळ्या पाण्यात पांढुरकी बेटे होती. सारे शहर तिने बसल्या जागी पाहून घेतले.

खाली रोहिणी रडत फिरत होती; हे मला मागाहून तिच्याच बोलण्यातून कळले. मासेवालीला साखराबाईचा चेहरा आठवेना, पण मी, तिच्या खांद्यावरची काळी घोंगडी, लक्षात राहिले होते. तिने गल्ल्यांकडे बोट दाखवले. पुढे एका पाववाल्याने टेकडी दाखवली. दुपार कलताना रोहिणी धापा टाकत वर आली.

"आई! कुठं गेलतीस तू? मी सारं बंदर हुडकलं!"

"कळप चुकला की टेकाडावर चढावं. तितून समदं दिसतं, अन् समद्यांला आपून दिसतो. तुज्या बापानं शिकवलं हाय ते."

माझे एक टोक ओढून रोहिणी आत शिरली आणि आईच्या खांद्यावर डोके टेकून बसली.

महिना संपला. परतताना साखराबाईने मला लेकीच्या हातात दिले. "तुलाच ऱ्हाऊ दे," एवढेच ती म्हणाली. मग ती एकटीच आष्टीला गेली.

आता मी मार्सेयमध्ये एका खुर्चीवर असते. रोहिणी संध्याकाळी कामावरून आली की मला पायांवर घेऊन आईला फोन लावते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी एखादी घोंगडी पडून असेल. तिला झटका, ऊन दाखवा, अंगावर घ्या. वापरून लोकर झिजते, हे खरे. पण ती झिजण्याआधी पुष्कळांना ऊब देते. न वापरलेली लोकर मात्र पेटीतच कसर नावाची कीड खाऊन टाकते.