सासूबाईंच्या चुकांची यादी

मित्रांनो, मी एक जुनी यादी आहे. किराणा सामानाची नव्हे, चुकांची. एके काळी माझ्यात एक हजार आठशे सेहेचाळीस चुका होत्या. आज एकही उरलेली नाही आणि मी भलतीच खुशीत आहे.

माझा जन्म दोन टेबलांच्या एका खोलीत झाला. तिथे सासू आणि सून मिळून ग्रंथालयांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी एकटीने पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम अजून अकरा ग्रंथालयांत चालतो. सून हुशार, पण जरा उतावळी. एका सकाळी तिने प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा तपासनीस आणला. त्याला ना चित्रे, ना बटणे. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली की स्वारी कामाला लागते. पहिली आज्ञा तिने भलत्याच फोल्डरमध्ये दिली, तेव्हा तो जागचा हललाही नाही. योग्य फोल्डरमध्ये दिल्यावर मुकाट्याने संगणकात बसला. मग सेटिंगची फाइल आली. काय तपासायचे आणि शून्य ते नऊपैकी किती कडकपणे, ते तिच्यात लिहायचे होते. सुनेने उत्साहाच्या भरात थेट नऊ लिहिले.

झाले! पडद्यावर चुकांची रीघ लागली. सासूबाई हातातला चहा विसरून बघत राहिल्या.

"वीस वर्षं चाललंय गं ते. एक दिवस बंद नाही पडलं," त्या हळूच म्हणाल्या. मग, यापुढे सगळे तूच बघ, असे सांगून त्यांनी आपला संगणक बंद केला.

सुनेचा चेहरा पडला. सासूबाईंशिवाय ही खोली तिला नको होती. दुपारभर शोधून तिला एक आज्ञा सापडली: आजवरच्या चुका एका यादीत लिहून ठेव, त्यांच्याबद्दल अवाक्षर काढू नकोस, फक्त नव्या दाखव. ती यादी म्हणजे मी.

दुसऱ्याच दिवशी तपासनिसाने पहिली नवी चूक पकडली. ती सुनेची होती. सभासद सापडलाच नाही तर काय करायचे, ते लिहायला ती विसरली होती. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "सरक जरा. माझ्याही पाच काढू."

तेव्हापासून रोज चहाबरोबर पाच चुका दुरुस्त व्हायच्या आणि माझ्या पाच ओळी खोडल्या जायच्या. एकदा घाईत सुनेने आपली एक नवी चूक गुपचूप माझ्यात ढकलली. मला फार वाईट वाटले. सासूबाईंनी ती बरोबर हुडकली आणि दिवसभर सुनेला चिडवले.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी यादी असेल. जुन्या चुकांवरून कोणाला टोचू नका, पण रोज थोड्या दुरुस्त करा. आणि नव्या चुका माझ्या पोटात लपवू नका.

आज दीड वर्षाने शेवटची चूकही दुरुस्त झाली आहे. आता फक्त मला पुसायचे आहे. सून म्हणते, "आई, तुम्ही पुसा." सासूबाई म्हणतात, "यादी केलीस तू, तूच पूस." दोघींचा चहा गार झाला. अहो, कोणीतरी एकीने बटण दाबा की!