काढलेला पार्ट

डॉक्टरने बटण अंगठ्याखाली दाबून धरलं आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. समोर सासूबाईंचा लॅपटॉप, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. तीस झाल्यावर त्याने अंगठा उचलला, बॅटरी बसवली, चार्जर जोडला आणि पुन्हा एकदा बटण दाबलं. पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

"हात्तिच्या!" त्याच्या तोंडून निघालं, आणि लगेच त्याने इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं, तेवढंच नशीब.

तो काही खराखुरा डॉक्टर नव्हता. मेलेली यंत्रं जिवंत करतो म्हणून बाजाराने ठेवलेलं ते नाव, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. चार महिन्यांपूर्वी सासूबाईंकडे जेवायला गेला असताना हा लॅपटॉप त्याच्यापुढे आला. चालूच होत नाही म्हणे. त्याने बटण एकदा दाबलं, कान लावला, आणि सगळं घर आपल्या तोंडाकडे बघतंय म्हटल्यावर गंभीर चेहऱ्याने सांगून टाकलं, "बोर्ड गेलाय. पार्ट मागवावा लागेल." मग दुकानात आणून खालच्या फळीवर ठेवला. घरचंच काम, करू की सवडीने! ती सवड काही झाली नाही. बायकोने विचारलं की "पार्ट यायचाय," मेहुण्याने विचारलं की "पार्ट अडकलाय." न मागवलेला पार्ट येणार तरी कुठून?

सासूबाई एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत. अकरा वर्षांत वापरलेला एकूण एक शब्द त्यांनी त्या यंत्रात टिपून ठेवला होता, म्हणजे तेच तेच पुन्हा वाचकांच्या पुढे जायला नको. चार महिने त्या वहीत पट्टीने चौकोन आखत होत्या आणि सगळी भिस्त आठवणीवर होती. सत्तरीतली आठवण ती, कुठवर पुरणार?

आज सकाळी बायको त्याचा डबा भरता भरता म्हणाली होती, "आईचं कोडं परत जुनंच निघालं. तिसऱ्यांदा. संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, आता विश्रांती घ्या, आम्ही दुसरं कोणी बघतो."

"अरेरे," तो म्हणाला होता.

"तिने नुसती वही मिटून ठेवली. तुझा तो पार्ट आला का?"

तेव्हा कुठे त्याने दुकानात येऊन फळीवरचा लॅपटॉप खाली घेतला. आणि निघालं काय? नवख्या कारागिराला पहिल्या दिवशी शिकवतात तेवढंच काम, बॅटरी काढून बटण दाबून धरायचं. पार्ट नाही, बोर्ड नाही, काही नाही. लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण मेहुणा जन्मभर चिडवत बसला असता. आणि बायको! चार महिने ती भावाशी भांडत होती, "त्याच्या कामातलं तुला काय कळतंय?" म्हणून. तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

शिवाय आणखी एक भानगड होती. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही त्याच्या दुकानाची रीत. सासूबाई ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. त्या पिशवी मागणार म्हणजे मागणारच. त्याने भंगाराचं खोकं उपसलं, साधारण त्याच मापाचा एक काळपटलेला बोर्ड शोधला आणि पिशवीत टाकला. एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. दुकान बंद करून तो बायकोला घेऊन सासूबाईंकडे गेला.

सासूबाईंनी लॅपटॉप मांडीवरच घेतला. यादी उघडली, आणि कितीतरी वेळ त्या ओठ हलवत नुसत्या खाली खाली जात राहिल्या.

"सगळं आहे हो," त्या म्हणाल्या. "एक शब्द गेलेला नाही. कोडं गेलं ते गेलं, पण यादी राहिली माझी."

"संपादकांना परत विचारून बघा ना," डॉक्टर म्हणाला.

"त्यांनी पुढच्या अंकासाठी दुसऱ्या बाई ठरवल्या. काल दुपारीच. जाऊ दे."

काल दुपारी तो दुकानात बसून पेपर वाचत होता.

बायको आणि मेहुणा चहा करायला आत गेले. सासूबाईंनी हात पुढे केला, "आणि आमची पिशवी?" त्याने ती दिली. त्यांनी बोर्ड बाहेर काढला, मुद्रितं तपासायचं भिंग उचललं आणि सवयीने त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. छापलेलं काही दिसलं आणि त्यांनी वाचलं नाही, असं कधी झालंय का! वाचता वाचता त्या थांबल्या. लॅपटॉपचं झाकण वळवून त्यावरचं नाव पाहिलं. परत बोर्ड पाहिला. भिंग खाली ठेवलं.

मग त्यांनी बोर्ड पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला दोन घड्या घातल्या आणि ती त्याच्याकडे सरकवली.

"हा दुसऱ्या कोणाचा तरी दिसतो. कंपनी वेगळी आहे. घेऊन जा, त्यांना लागेल."

"आई, ते..."

"गडबडीत होतं असं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा यादीत डोकं घातलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान वर केली नाही, हेच त्याला जास्त झोंबलं.

कपांचा आवाज आला तशी त्याने पिशवी घाईघाईने पाठीमागे दडवली.

"काय मग भावोजी," मेहुणा ट्रे ठेवत म्हणाला, "चार महिने म्हणजे बाळंतपणच की जवळजवळ! एवढं झालं तरी काय होतं त्याला?"

डॉक्टरने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सासूबाईच बोलल्या.

"नाजूक काम होतं रे. दुसऱ्या कोणाकडून झालंच नसतं."

एका चुकीच्या वेलांटीसाठी अख्खं कोडं फाडून टाकणारी ही बाई. आणि हे ती इतक्या सहज, पडद्यावरून नजर न काढता बोलून गेली.

"बघ! मी म्हणत नव्हते?" बायको भावाला म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळून तिने असं पाहिलं की त्याला कप धरवेना.

त्याने तो खाली ठेवला.

"तुझी आई माझ्यासाठी खोटं बोलतेय," तो म्हणाला.

मेहुणा हसायला लागला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. बायको हसली नाही.